जहाजाचा डेक नेमका कशावर उभा असतो?

डिप्लोमा_धुळे
राम राम मंडळी. धाब्याच्या घरात भार कसा उतरतो ते डोळ्यांना दिसतं: मातीचा किलचनावर, मग कड्यांवर, तुळईवर, शेवटी खांबावर. मालवाहू जहाजाच्या खणात, म्हणजे माल भरायच्या पोकळीत, मात्र खांब जवळपास नसतातच. मग 20 मीटर रुंद डेक, म्हणजे वरचा पत्र्याचा मजला, पेलतं कोण?

आबा_भुसावळ
भाऊ, उतरंड तीच, फक्त पत्र्याला खालून वेल्ड केलेली. लहान जहाजात कड्या आडव्या असतात. दर 600-700 मिमीला एक बीम, टोकं बाजूच्या फ्रेमला (जहाजाच्या उभ्या बरगडीला) त्रिकोणी ब्रॅकेटनं जोडलेली. साधारण 120 मीटरच्या पुढच्या जहाजात कड्या लांबीच्या दिशेनं धावतात आणि दर तीन-चार मीटरला एक खोल आडवा गर्डर (मोठी तुळई) त्यांना पेलतो. कारण मालाचं वजन नव्हे, लाट. लाट मधोमध आली की डेक ताणला जातो, दोन्ही टोकांना आली की दाबला जातो. दाबात पत्रा सुरकुतू नये म्हणून कड्या त्याच दिशेनं हव्यात.

खणातले खांब मालाला आडवे येतात. म्हणून हॅचच्या, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या डेकमधल्या मोठ्या तोंडाच्या, कडेनं भक्कम गर्डर टाकून भार हॅचच्या टोकाचे बीम, बाजूच्या भिंती आणि बल्कहेडवर (दोन खणांमधल्या आडव्या भिंतीवर) नेतात.

फिटर_जळगाव
जिथे खांब आहेत तिथे मजल्यामागून मजला एकाखाली एक लागतात. तळाचा खांब दुहेरी तळातल्या फ्लोअर (आडवी उभी पत्र्याची भिंत) आणि गर्डरच्या (लांबीच्या दिशेची तशीच भिंत) छेदावरच बसला पाहिजे, त्या जागी मॅनहोल कापायचं नाही. 100 मिमी सरकला तरी खालचा पत्रा दबतो आणि वेल्ड तडकतो. सडपातळ खांबाची उंची दुप्पट झाली की वाकण्याआधी पेलायची ताकद चौथाईवर येते, म्हणून उंच खणात जाड पाइप.

डिप्लोमा_धुळे
दादा, मग जहाजाच्या तेला-पाण्याच्या टाकीतही पाइपच ना?

फिटर_जळगाव
नाही. बंद पाइपला आतून गंज लागला तर तपासता येत नाही, शिवाय वेल्डला चीर गेली की आत वायू साठतो. टाकीत सगळ्या बाजूंनी दिसणारे उघडे सेक्शन घ्यायचे. टाकी भरली की दाबानं खांब ओढलाही जातो, त्यामुळे पायाखाली नुसता डबलर पत्रा (वरून ठिगळासारखा वेल्ड केलेला) चालत नाही.

आबा_भुसावळ
एक राहिलं, हॅचचा कोपरा. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी नावाच्या अमेरिकी मालवाहू जहाजांच्या चौकोनी कोपऱ्यांतून तडे सुटले होते. आता कोपरा गोल कापतात आणि तिथे जाड पत्रा डेकमध्येच बसवतात, वरून ठिगळ लावत नाहीत. कापलेली कड ग्राइंडरनं साफ करायची. गॅसकटरची एक खाच राहिली तरी तडा तिथूनच निघतो.