मुलाला ऑफेन्सिव्ह लाइनवर घेतलंय. आनंद मानू की काळजी करू?

आईची_डायरी (कोलंबस, ओहायो):
थोरला यंदा नववीत. अंगानं दणकट, म्हणून कोचनी अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनवर, म्हणजे बॉलवाल्याला वाचवायला पुढे उभ्या राहणाऱ्या रांगेत, उभा केला. परवा मॅच पाहिली. हा सगळा वेळ समोरच्याला छातीवर झेलतोय आणि बॉल घेऊन पळतंय भलतंच कुणी! विचारलं, "तुझ्या हातात कधी येणार रे?" तर म्हणे, "येतच नसतो, आई." असल्या कामात करिअर होतं तरी का कुणाचं?

क्लीव्हलँडचे_काका:
होतं की, ताई. आमच्या गावच्या क्लीव्हलँड ब्राउन्स टीमचाच माणूस घ्या, जो थॉमस. २००७ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, तिथे) ब्राउन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. सोहळा न्यूयॉर्कला, आणि हा पठ्ठ्या वडिलांबरोबर लेक मिशिगनमध्ये मासे धरत होता! पुढे ११ सीझन एकाच टीमकडून लेफ्ट टॅकल. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. त्या पाठीचा राखणदार म्हणजे लेफ्ट टॅकल.

सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे बॉल मागे देऊन सुरू होणारे डाव. मधे एकदाही बाहेर बसला नाही. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसीविरुद्ध डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला, तेव्हाच थांबला. मी स्टेडियममध्येच होतो. तो हात धरून खाली गेला आणि शेजारचे आजोबा टोपी काढून उभे राहिले. बाकी आमची टीम म्हणजे आनंदच, त्या वर्षी १६ पैकी १६ हरली. थॉमसच्या नशिबी प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, एक मॅच आली नाही. तरी २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-संग्रहालयात, गेलाच. ते आपल्या ओहायोतच, कँटनला आहे, पोराला एकदा नेऊन आणा.

आणि हो, लाउडस्पीकरवर लाइनमनचा नंबर ऐकू आला की समजायचं, बहुतेक काही चूक झाली; होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, असेल तर टीम दहा यार्ड मागे. नंबर पुकारला नाही म्हणजे काम चोख!

फिजिओ_नाशिककर:
काका, वजनाचं राहिलं. थॉमस खेळताना १४० किलोच्या आसपास होता, निवृत्तीनंतर वीसेक किलो उतरवलं. ताई, नववीच्या पोराला "अजून खा" म्हणून कुणी मागे लागलं तर ऐकू नका. आधी पाय शिकू दे. मागे सरकताना बाहेरचा पाय आधी, आतला त्याच्या मागून. पायात पाय अडकता कामा नये. तळवे समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत. बाहेरून जर्सी धरली की शिट्टी. आणि डोक्याला मार बसला तर "बरा आहे मी" यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरी.

आईची_डायरी:
काका, फिजिओ, दोघांचे आभार. हे वाचून दाखवलं तर लगेच ओट्यापासून फ्रिजपर्यंत उलटा सरकत करून दाखवलंन. समोर मला उभी केली होती, हातात लाटणं. खरंच जाता येईना हो बाजूनं! थॉमसचा नंबर ७३ हे त्याला आधीच माहीत होतं, मलाच नव्हतं.