शिकागोजवळचं न्यू ट्रायर हायस्कूल: बुजऱ्या मुलीला झेपेल का?

लेकीची_आई:
नवऱ्याची बदली शिकागोला झाली आहे, ऑफिस अगदी डाउनटाउनमध्ये. मुलगी ऑगस्टमध्ये नववीत जाईल. ज्याला विचारावं तो विनेट्काच्या न्यू ट्रायरचं नाव घेतो, आणि तिकडची घरभाडी बघून धडकी भरते. सरकारी शाळा आहे म्हणतात, मग प्रवेश परीक्षा असते का? आणि चार हजारांच्या आसपास मुलं! आमची पोर चारचौघांत तोंड उघडत नाही.

सरोवरकाठ:
ताई, परीक्षा वगैरे काही नाही. शाळेच्या हद्दीत राहायचं, एवढीच अट. भाड्याचं घरही चालतं. भाडेकरार आणि वीज-गॅसची बिलं तयार ठेवा. विनेट्काचाच हट्ट नको. विल्मेट, केनिलवर्थ, ग्लेन्को, नॉर्थफील्डची मुलंही इथेच येतात, शिवाय ग्लेनव्ह्यूचा थोडा भाग. पण ग्लेनव्ह्यूत सही करण्याआधी नेमका पत्ता तपासा, कारण तिथली बरीच घरं दुसऱ्या हायस्कूलकडे जातात. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. साहेबांना ऑफिसला जायला मेट्राची (शिकागोची लोकल रेल्वे) युनियन पॅसिफिक नॉर्थ लाइन आहे. इंडियन हिल स्टेशन विनेट्काच्या इमारतीजवळच आहे.

आता मुलीचं. माझा मोठा तिथूनच बाहेर पडला, धाकटी सध्या तिथे आहे, आणि दोघांत बुजरी तीच. नववीची मुलं मोठ्या इमारतीत जातच नाहीत. त्यांचा कॅम्पस नॉर्थफील्डला वेगळा आहे. १९६५ ते १९८५ तिथे न्यू ट्रायर वेस्ट नावाचं स्वतंत्र हायस्कूल होतं, २००१ पासून ती इमारत नववीला दिली. म्हणजे पहिलं वर्षभर आजूबाजूला सगळी तिच्याच वयाची, आणि वेगवेगळ्या शाळांमधून आल्यामुळे सगळीच थोडी बावरलेली.

दुसरं म्हणजे अॅडव्हायझरी. ही पद्धत १९२० च्या दशकापासून चालू आहे. रोज सकाळी ठरावीक वीस-पंचवीस मुलं एका शिक्षकाजवळ बसतात. विषय शिकवणं नाही, चौकशी. लेक गप्प गप्प वाटली की आमच्याआधी तिच्या अॅडव्हायझरबाईंना कळायचं (मला याचा थोडा रागही यायचा). शाळेत माझं सगळ्यात आवडतं काय विचाराल, तर हेच. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह वगैरे बघून पाहुणे हरखतात, मी नाही.

विदर्भाचा_पाव्हणा:
हॉलीवूडचे नट चार्लटन हेस्टन आणि रॉक हडसन याच शाळेचे ना? अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड इथेच कुस्ती खेळायचे म्हणे.

सरोवरकाठ:
हो. आणि अभिनेत्री अॅन-मार्ग्रेट यांचं नाव राहिलं.

करदाता_२:
सरकारी म्हणजे सगळ्यांसाठी सारखी असं समजू नका. इथे शाळेचा बहुतेक पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो. घरं महाग, म्हणून शाळा श्रीमंत. शाळा चांगली, म्हणून घरं आणखी महाग. सप्टेंबर २००८ मध्ये ही विषमता दाखवायला राज्याचे सिनेटर जेम्स मीक्स यांनी शिकागोच्या हजारावर मुलांना पहिल्याच दिवशी वर्ग सोडायला लावून बसने नॉर्थफील्डला आणलं आणि प्रवेशाचे अर्ज भरायला लावले. हद्दीबाहेरची म्हणून प्रवेश मिळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पुढे २०१७ मध्ये इलिनॉयने शाळांच्या निधीचा नियम बदलला आणि राज्याचा वाढीव पैसा आधी गरजू डिस्ट्रिक्टांकडे (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांकडे) जाऊ लागला. तरी दरी आहेच.

सरोवरकाठ:
मान्य. हायस्कूलचं डिस्ट्रिक्ट वेगळं आणि आठवीपर्यंतच्या शाळांची वेगळी, त्यामुळे घरपट्टीच्या बिलात दोन्हींच्या वेगळ्या ओळी असतात. भाडेकरूला ते बिल येत नाही, भाड्यात मात्र सगळं मुरलेलं असतं.

लेकीची_आई:
खूप आभार. अभ्यासाचा ताण कितपत?

सरोवरकाठ:
ताण आहे, नाही म्हणणार नाही. प्रत्येक विषय वेगवेगळ्या लेव्हलला घेता येतो आणि वरच्या लेव्हलच्या गुणांना जास्त वजन. शाळा वर्गात नंबर काढत नाही, पण पालक डोक्यात काढतातच. त्यात आपली मंडळी पुढे, काय सांगायचं! पहिल्या वर्षी गणित वरच्या लेव्हलला घ्या, ते आपल्या मुलांना जमतं. इंग्रजी मधल्या लेव्हलला ठेवा आणि एखादा क्लब तिला स्वतः निवडू द्या. धाकटीने प्रकाशयोजनेचा निवडला: अंधारात उभं राहायचं, कोणाशी बोलायचं नाही. आता तीच बाकीच्यांना हुकूम सोडते.

लेकीची_आई:
हे आत्ताच तिला वाचून दाखवलं. विचारतेय, त्या क्लबला नववीची मुलं घेतात का?