मदत हवी आहे: लिनिजओएस टाकल्यावर यूपीआय चालेना

मंडळी, परभणीहून विचारतोय. २०१८ चा पोको एफ१ अजून दणकट आहे, स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर आहे शेवटी. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करून कंपनीच्या सिस्टिमऐवजी लिनिजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टिम टाकली, फोन एकदम हलका झाला. पण बँकेचं अ‍ॅप उघडताच बंद होतंय. रूट केलेलं नाही, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार उघडलेले नाहीत. प्ले इंटिग्रिटी, म्हणजे फोन भरवशाचा आहे का हे बघणारी गूगलची तपासणी, अनलॉक बूटलोडरवरच अडते, एवढं कळलंय.

मोंढ्यात चहावालासुद्धा क्यूआर पुढं करतो, रोख कुठवर सांभाळायची? ती तपासणी चुकवायला मॅजिस्क या रूट करायच्या टूलची मॉड्यूलं सारखी बदलत बसायचं झंझट नको. लिनिजओएससारख्या कस्टम रॉमवर बूटलोडर परत लॉक केला तर फोन ब्रिक होऊ शकतो, म्हणजे चालूच होत नाही, म्हणून तेही नको. मग फोनबरोबर आलेल्या एमआययूआय सिस्टिमवर परत जाऊनच लॉक करावं लागेल का? का कुणाचं याच फोनवर यूपीआय नीट चालायलंय? कोणत्या बँकेचं, तेही सांगा.