जुना डेस्कटॉप सुधारून घ्यावा की नवाच घ्यावा? आपले अनुभव लिहावेत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबला आणि चांगल्या चालणाऱ्या कित्येक संगणकांच्या मालकांना अचानक निर्णय घेण्याची वेळ आली. जुन्या यंत्रात आणखी पैसे घालावेत की नाही, हे आपण कशाच्या आधारावर ठरवले आणि त्या खर्चाचे चीज झाले का, ते सविस्तर लिहावे. ‘सरळ नवा घ्या’ एवढेच उत्तर नको. ते कोणताही विक्रेता देतो.

*

माझे काम हिशेबाचे. यंत्र इंटेलच्या चौथ्या पिढीतील आय५ चे, रॅम आठ जीबी, आणि तरीही साधी फाइल उघडायला ताटकळावे लागे. काही विकत घेण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला, रॅमही बरीच मोकळी, आणि डिस्कचा आकडा मात्र शंभर टक्क्यांवर खिळलेला दिसला. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला मागितलेली माहिती शोधायला दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कला, त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो, आणि संगणक सुरू होताना अशा हजारो छोट्या मागण्या एकापाठोपाठ येत असतात. म्हणून साधी साटा (हार्ड डिस्कचीच नेहमीची जोडणी वापरणारी) एसएसडी बसवली आणि बाकी कशाला हात लावला नाही. साटाच्या वेगाने माझे काहीच अडत नाही. शिवाय हे यंत्र उद्या बंद पडले, तरी एसएसडी काढून पुढच्या यंत्रात लावता येईल, हा विचार मला निर्णायक वाटला.

*

मी चित्रफितींचे संपादन करतो आणि माझा निष्कर्ष नेमका उलटा आहे. सहाव्या पिढीच्या आय५ मध्ये चारच कोर (स्वतंत्र गणनाकेंद्रे) असल्याने रेंडरिंग, म्हणजे अंतिम चित्रफीत तयार करणे, सुरू झाले की चारही पूर्ण भरत. आठव्या पिढीचे प्रोसेसरही एलजीए ११५१ याच सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) बसतात, हे वाचून आशा वाटली होती. मात्र त्यांना ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरचा नियंत्रक) लागतो, म्हणजे ते माझ्या बोर्डावर नुसते बसतील, चालणार नाहीत. त्या बोर्डाला पेलणारा सर्वांत वरचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आय७, आणि जुने सॉकेट असणारे सगळेच त्याच्या मागे असल्याने वापरलेल्या मालातही तो स्वस्त मिळत नाही. इतके करूनही विंडोज ११ साठीच्या प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत तो बसत नाही. प्रोसेसरसाठी बोर्ड बदला, नव्या बोर्डासाठी डीडीआर५ रॅम घ्या, असे करत गेल्यावर जुन्यातले कॅबिनेट तेवढे उरत होते. मी नवे यंत्र घेतले.

*

वरील अनुभव खरा असला, तरी तो सरसकट लागू करू नये. माझ्याकडे एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड आहे. त्यावर २०१७ सालचा रायझन ५ १६०० होता. आता त्याच जागी २०२२ साली आलेला रायझन ७ ५७००एक्स आहे, आणि रॅम, डिस्क, कॅबिनेट सारे जुनेच. पथ्य एकच : बायोस (बोर्डावरची मूळ प्रणाली) अद्ययावत करायचे ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, आणि ते काम चालू असताना वीज जाणार नाही याची खात्री करून. नंतर बायोसमध्ये टीपीएमची (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची) सोय चालू केली आणि विंडोज ११ विनातक्रार बसले.

*

ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनी आधी पॉवर सप्लायवरची चिठ्ठी वाचावी. कार्ड बसते त्या बोर्डावरच्या स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते आणि कार्यालयांसाठी बनवलेल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये ती बहुधा नसतेच. अशा काही यंत्रांत पॉवर सप्लायचा आकार आणि बोर्डाची जोडणी कंपनीची स्वतःची असते, त्यामुळे बाजारातला प्रमाणित सप्लाय त्यात बसत नाही. माझा बेत तिथेच थांबला.

*

घरातील ज्येष्ठांचा संगणक मध्येच संथ होई, म्हणून तो बदलण्याचे घाटत होते. बाजूचे झाकण काढले, तर पंखा आणि प्रोसेसरची उष्णता काढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसलेला. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःच वेग कमी करतो, तेच होत होते. धूळ काढली, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णतावाहक लेप) पुसून नवी लावली, आणि तारीख दर वेळी मागे जात असल्याने बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलला. विंडोज ११ त्यावर चालणार नसल्याने लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवली आहे. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि मुद्रण व्यवस्थित चालते. स्कॅनरचे मात्र अजून जुळलेले नाही.