मुक्ती, मुक्तता की सुटका? गुलामांसाठी नेमका शब्द कोणता

राजवाड्याजवळची
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. भाचा एमपीपीएससीची तयारी करतो, पुस्तकं सगळी हिंदीतून. काल मोठ्याने वाचत होता, अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनने १ जानेवारी १८६३ ला दासमुक्तीचं घोषणापत्र काढलं, तर आजीने आतून विचारलं, "मुक्ती मिळाली म्हणजे, वारले का रे सगळे?" तिच्या कानाला मुक्ती म्हणजे तेच, आणि दास म्हटलं की रामदास. मराठीत नीट सांगायला बसले तर मलाच शब्द सापडेना. वर तिचा दुसरा प्रश्न, भर लढाईत सरकारला हे कुठून सुचलं?

मल्हारगंजचा वकील
ताई, आजींचं बरोबर आहे, मुक्ती इथे नको. कोर्टात आम्ही मुक्तता म्हणतो, निर्दोष मुक्तता, जामिनावर मुक्तता, म्हणजे ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने हुकूम काढून सोडणं. लिंकनचा कागद तसाच हुकूम होता. घोषणापत्रापेक्षा आपला जुना शब्द जाहीरनामा जास्त बसतो, १८५८ चा राणीचा जाहीरनामा आपण म्हणतोच, आता निवडणुकीमुळे त्याचा अर्थ आखडलाय ते वेगळं.

आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्या कागदातच आहे. शांततेत राष्ट्राध्यक्षाला कुठल्या राज्यातली गुलामगिरी मोडायचा अधिकारच नव्हता, पण लढाईत तो सेनापती, आणि शत्रूचं बळ तोडायला जे लागेल ते करू शकतो. गुलामगिरी राखायला फुटून बंड केलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेती कोण करत होतं, खंदक कोण खणत होतं, तर गुलाम, म्हणून तर गोरे मालक मोकळे होऊन लढायला जात होते. ती माणसं काढून घेतली की तिकडचे हात कमी आणि इकडचे वाढले. म्हणून जाहीरनाम्यात सरळ लिहिलंय की बंड मोडायला हा योग्य आणि आवश्यक युद्धोपाय आहे. आणि म्हणूनच तो फक्त बंडखोर मुलखाला लागू होता, केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी राज्यं सरकारच्या बाजूला होती, त्यांना हातही लावला नाही.

ग्वाल्हेरचा वाचक
वकीलसाहेब, सगळं मान्य, पण मुक्तता म्हटलं की वाटतं वरून कोणीतरी दिली आणि खालच्यांनी घेतली. गोष्ट त्याच्या दीड वर्ष आधी सुरू होते. मे १८६१, व्हर्जिनियातला फोर्ट मन्रो, रात्री तीन गुलाम होडीतून पळून सरकारी किल्ल्यात आले, त्यांना बंडखोरांच्या तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर, पळालेला गुलाम परत द्यायचा असा कायदा आहे म्हणाला. जनरल बटलर स्वतः वकील, त्याने सांगितलं, तुमचं राज्य आता परकं म्हणता ना, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? तुम्ही यांना मालमत्ता म्हणता तर शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता मी ठेवून घेतली. तिथून पळून आलेल्यांना काँट्राबँड म्हणायला लागले आणि माणसं हजारोंनी येत राहिली, बायका, पोरं, म्हातारे. इतक्या लोकांचं करायचं काय ठरवता ठरवता सरकारला कायदे करावे लागले.

राजवाड्याजवळची
दादा, काँट्राबँडला मराठीत काय म्हणायचं? भाच्याच्या तोंडी जब्ती येतं.

ग्वाल्हेरचा वाचक
हिंदीत जब्ती, आपल्याकडे जप्ती. तस्करीचा माल नको, अर्थच बदलतो. मी जप्तीचा माल लिहीन, माणसाला माल म्हणताना बोचतं आणि ते बोचायलाच हवं, कारण मालकाचाच शब्द मालकावर उलटवला होता. पण जाहीरनाम्यात बघा, तिथे नुसतं गुलाम नाही, "गुलाम म्हणून बाळगलेल्या व्यक्ती" असं आहे. माल ते व्यक्ती, हे अंतर दीडेक वर्षात कापलं गेलं आणि ते मला फार मोठं वाटतं.

आता मूळ प्रश्न. मराठीत सुटणे, सोडणे, सोडवणे अशी तीन क्रियापदं आहेत ना, इथे तिन्ही लागतात. फोर्ट मन्रोचे तिघं सुटले. सरकारने कागदावर सोडलं. आणि सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक वर्दी घालून लढले, त्यांनी आपली माणसं सोडवली. सुटका या शब्दात हे सगळं मावतं, मुक्ततेत नाही मावत.

बडोद्याची मीनल
एक भर घालते. माणसांची सुटका ठीक, पण प्रथेची सुटका होत नाही. प्रथेसाठी बंदी हवं, सतीबंदीसारखं. ते काम जाहीरनाम्याने झालंच नाही, ते १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने झालं, ६ डिसेंबरला ती पुरेशा राज्यांनी मंजूर केली, आणि तिची बंदी केंटकी, डेलावेअरलाही लागू झाली. आणि दास नकोच, गुलामगिरीच ठेवा, फुल्यांनी १८७३ मध्ये त्याच नावाचं पुस्तक अमेरिकेत गुलामांसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हापासून या शब्दाला मराठीत वेगळं वजन आहे.

राजवाड्याजवळची
सगळ्यांचे आभार. आजीला सांगितलं, गुलामांची सुटका, गुलामगिरीबंदी, तिला पटलं. भाच्याच्या पुस्तकात तेराव्या दुरुस्तीखाली "अनैच्छिक सेवा" असंही आहे, ते काय करू? सेवा म्हटलं की आजी देवळात पोचेल.

मल्हारगंजचा वकील
वेठबिगारी लिहा. वेठ संस्कृत विष्टीवरून आलं, बिगार फारसी, दोन्हींचा अर्थ एकच, फुकट राबवणं, आपल्या लोकांनी ते जोडून घेतलं. आपल्या घटनेच्या कलम २३ च्या इंग्रजी मजकुरातही बेगार हाच शब्द आहे, इंग्रजी नाही वापरला. आजींना वेठ सांगावं लागणार नाही, बघा.