पहिल्यांदा सापडला की थेट कॉलेजबाहेर? नशाबंदीच्या संमतिपत्रावर तुम्ही सही कराल का?

हिंगणारोडवाला
मुलगा नागपूरला हिंगणा रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात सेकंड इयरला आहे, होस्टेलवर राहतो. मागच्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर परिपत्रक आलं. गेटवर बॅगा तपासणार. रात्री दहानंतर होस्टेलमध्ये येणाऱ्याला ब्रेथ अ‍ॅनालायझर फुंकावा लागणार. संशय आला तर लघवीची तपासणी. आणि सगळ्यात खाली: कोणतीही नशा आढळल्यास पहिल्याच वेळी प्रवेश रद्द. पालकांनी सही करून पाठवायचं.

वरच्या तिन्ही गोष्टींना माझी ना नाही. अडतं ते शेवटच्या ओळीवर. बिअर पिऊन आलेला, गांजा ओढणारा आणि एमडी (मेफेड्रोन ही रासायनिक नशा) विकणारा, तिघांना एकच शिक्षा? विकणाऱ्याचं काय जातं, तो दुसऱ्या कॉलेजसमोर उभा राहील. आणि खरी भीती वेगळीच आहे. रात्री दोनला रूममधला एखादा ओकून बेशुद्ध पडला, तर वॉर्डनचं दार कोण वाजवेल? वाजवलं की रूममधल्या सगळ्यांचा प्रवेश गेला. पोरं त्याला पाणी मारतील, कुशीवर वळवतील आणि सकाळची वाट बघतील.

वर्धेची आई
मी तर आलं तसं सही करून पाठवलं. माझी मुलगी तिथेच शिकते. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की गांजाचा वास येतो, म्हणून पोरी आता खोलीतच दोरी बांधतात. त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही. महाराष्ट्रात बिअरला वय 21 लागतं, कडक दारूला 25. तुमचा सेकंड इयरचा मुलगा एकोणीस-वीसचा असेल. मग "फक्त बिअर" हा प्रकार येतोच कुठून?

खर्रामुक्त पोट्टा
काकू, वर्ध्यात तर दारूबंदीच आहे न जी, मग तिथं काय लोकं ताक पिऊन राहिले का? 😀

वर्धेची आई
पितात. पण लपून पितात, चौकात झिंगत नाहीत. संध्याकाळी बाईला रस्त्यानं जाता येतं. मला कॉलेजातही तेवढंच हवं आहे, कोणाचं मनपरिवर्तन नको.

बर्डीचा वकील
भावना बाजूला ठेवून जरा कागद बघू. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, 1985 चा. त्यात कमी मात्रा आणि व्यापारी मात्रा असा फरक आहे: गांजा एक किलोपर्यंत कमी, वीसच्या वर व्यापारी, एमडी दोन ग्रॅमपर्यंत कमी, पन्नासच्या वर व्यापारी. शिवाय कलम 64अ आहे. सेवनाचा किंवा कमी मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. संसदेनं उघडं ठेवलेलं दार कॉलेजनं का लावून घ्यावं?

आता तपासणी. भांगेची पानं कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पण होळीला गावी भांग घेतलेल्या पोराची लघवी तपासायची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि गांजा-भांगेचे अंश लघवीत कित्येक दिवस राहतात. उलट एमडी बाजारातल्या साध्या पट्टीवर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे भांगवाला घरी आणि एमडीवाला लेक्चरला! पट्टीनंतर प्रयोगशाळेची पक्की तपासणी आणि मुलाला बाजू मांडायची संधी, हे त्या परिपत्रकात नसेल तर सही करू नका.

खर्रामुक्त पोट्टा
अन् खर्र्याचं काय बे? "कोणतीही नशा" म्हणता, अन् कॉलेजसमोरच्या पानठेल्यावर सकाळी आठपासून पन्नीवर सुपारी-तंबाखू-चुना घोटणं चालू. 2003 च्या कायद्यानं शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखू विकता येत नाही. मोजून घ्या, बरेच ठेले गेटच्या सावलीत निघतील. मी डेंटलला इंटर्न आहे. वीस-बावीसचे पोट्टे येतात, "तिखट लागते, पाणीपुरी तोंडात जात नाही" म्हणतात. तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटं शिरत नाहीत. गालाची आतली बाजू पांढरी, ताठ झालेली. यांचा प्रवेश कोणी रद्द करत नाही, कारण बॅगा तपासणाऱ्या गार्डच्याच गालात पुडी असते.

वर्धेची आई
हे मात्र खरं. आमचे हे पण त्यातलेच.

जुना रेक्टर
बरीच वर्षं होस्टेल सांभाळलं, म्हणून लिहितो. पिणारा वेगळा आणि विकणारा वेगळा हे विभाजन ऐकायला चांगलं आहे, मजल्यावर ते टिकत नाही. तिथे पाच जण वर्गणी काढतात आणि सहावा जाऊन माल आणतो. त्याला नफा नसतो, फार तर त्याचा वाटा फुकट. तो विकणारा की पिणारा? पोलिसांच्या लेखी देणाराही गुन्हेगारच. आणि असाच मुलगा पुढे खरा पेडलर होतो, कारण बाहेरचा नंबर त्याच्याकडेच असतो. मी असा एक मुलगा काढला होता. वडील रडले, मलाही झोप लागली नाही, पण मजला वर्षभर शांत राहिला. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

काढण्याऐवजी समुपदेशकाकडे पाठवा असं कोणी म्हणेल, तर तो बहुतेक ठिकाणी कागदावरच असतो. आठवड्यातून एकदा येतो, बसतो प्राचार्यांच्या केबिनशेजारी. कोणता मुलगा त्या दारात शिरेल? त्यापेक्षा 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर संडासाच्या दारावर आतून चिकटवा. तिथे वाचताना कोणी बघत नाही.

हिंगणारोडवाला
सर, वर्गणीवाल्या पोराचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याला काढा, मी भांडणार नाही. पण काढलेला मुलगा घरी पोचतो आणि मग? तुमच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, माहीत आहे का?

जुना रेक्टर
नाही. विचारलं नाही कधी.

हिंगणारोडवाला
शनिवारी पालकसभा आहे. बाकी काही होवो न होवो, मदतीला बोलावणाऱ्यावर कारवाई नाही, एवढं लेखी हवंच. वकीलसाहेब, मसुदा द्याल?

बर्डीचा वकील
घ्या: "स्वतःच्या किंवा सोबत्याच्या जिवाला धोका असताना वॉर्डन वा रुग्णवाहिका बोलावणाऱ्या, तसेच ज्याच्यासाठी मदत बोलावली त्या विद्यार्थ्यावर त्या रात्रीच्या सेवनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही." सेवन म्हटलंय. खोलीत साठा सापडला तर ही सवलत नाही.

वर्धेची आई
त्यात "पहिल्या वेळी" घाला. दर शनिवारी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून सुटणारे निघतील. तेवढं घातलंत तर मी आधीचा कागद परत मागवते आणि यावर सही करते.

खर्रामुक्त पोट्टा
अन् पानठेला?

वर्धेची आई
शनिवारी टेप घेऊन ये. गेटपासून मोजू.