"बेल दाबली तरी सिस्टर येत नाही" या पोस्टला माझं उत्तर

रातपाळी: काल एकांची पोस्ट वाचली. वडील ऍडमिट होते, रात्री बेल दाबली तर सिस्टर 25 मिनिटांनी आली, तीही कपाळाला आठ्या घालून, आणि शेवटी "यांना पगार कशाचा मिळतो". खाली सगळ्यांनी री ओढलीये. मी नाइट करून आलेय, झोपायचं होतं, पण ते वाचून झोपच उडाली.

अकरा वर्षं मेडिसिन वॉर्डला आहे मी. रात्री आम्ही दोघी आणि पेशंट 28. ती 25 मिनिटं कुठे जातात ते ऐका. तुमची बेल वाजते तेव्हा एकीकडे एकाला दम लागलाय, त्याला बसवून ऑक्सिजन लावून डॉक्टरांना फोन चाललाय, शीर सापडत नाहीये, तिसऱ्यांदा टोचतोय. दुसरीकडे रक्त चढवायला घेतलंय, तिथून पहिली 15 मिनिटं हलायचं नसतं कारण गंभीर रिऍक्शन बहुतेक वेळा सुरुवातीलाच येते. तिसऱ्या कॉटवर आजी बरळत कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, उपसायला बघतायत. शिवाय एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात स्वच्छ करायचे, हातावर चोळायचं सॅनिटायझर असेल तर 20-30 सेकंद, साबणपाणी असेल तर 40-60. हे टाळून मी तुमच्याकडे पळत आले तर चालेल का? बोला ना.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाहीये. 2002 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास छापून आला, त्यात सर्जरीच्या पेशंटमध्ये दर नर्समागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण 7 टक्क्यांनी जास्त दिसली. आम्हाला शिव्या घालण्याआधी आमच्या वाट्याला किती कॉट आहेत ते विचारा.

बाबांचा_मुलगा: ती पोस्ट माझीच. शिव्या नव्हत्या त्यात, घडलं तेच लिहिलं होतं. तुम्ही दोघीच असता हे मला कळतं हो, पण बाबांना नाही कळत. लकव्याने उजवी बाजू गेलेली, बोलता येत नाही, कसाबसा डाव्या हाताने बेल दाबतो माणूस. 25 मिनिटं ओल्यात पडून राहिले. 19 दिवसांत माकडहाडावर एवढी जखम झाली की आत बोट जाईल. ती भरायला पुढे चार महिने लागले, लकव्यापेक्षा त्या जखमेनेच त्यांचे जास्त हाल केले. तुमची टक्केवारी मी त्यांना वाचून दाखवू का?

तिसऱ्या_वर्षाचा: सगळे नर्सवरच बोलतायत, आम्हा रेसिडेंटचं, म्हणजे शिकत शिकत ड्युटी करणाऱ्या डॉक्टरांचं, कुणी बोलणार आहे का? 30-32 तास सलग ड्युटी करून इन्सुलिनचा डोस लिहिताना आकडे डोळ्यांसमोर नाचतात. 1984 साली न्यूयॉर्कमध्ये 18 वर्षांची मुलगी हॉस्पिटलात दगावली तेव्हा कुठे दमलेल्या डॉक्टरांवर चर्चा झाली आणि 1989 मध्ये तिथे आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. 80 तास, ही मर्यादा बरं का! सिस्टर निदान 8 तासांनी घरी जातात.

रातपाळी: 8 तासांनी? हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला, कोण देणार मग? पुढची सिस्टर आली नाही तर डबल कोण करतं? डॉक्टर, तुमचे हाल मी डोळ्यांनी बघते, उभ्याउभ्या झोपलेले बघितलेत, पण ही तुलना इथे नको. आणि दादा, तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, खरंच. लकव्याच्या पेशंटची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. अंगाने भरलेला पेशंट असेल तर दोघी लागतात, म्हणजे तेवढा वेळ बाकीचे 27 वाऱ्यावर.

बाबांचा_मुलगा: दर दोन तासांनी ना? मग ऐका. एका रात्री मी जागा होतो, कॉटशेजारी खुर्चीवर. बाबा रात्रभर उताणे होते, कुणी हात लावला नाही. सकाळी फाइल उघडी राहिली होती ती बघितली. 12 ला डावी कूस, 2 ला उजवी, 4 ला डावी, 6 ला उजवी. चारही टिका एका पेनने, एका दमात मारलेल्या. मला राग बेलचा नाहीच आहे, या टिकांचा आहे.

माजी_मेट्रन: आता मुद्द्यावर आलात. 34 वर्षं नोकरी केली, रिटायर झाले, तेव्हा स्पष्ट बोलते. फाइलीने नर्सिंग खाल्लंय. पूर्वी एक चार्ट होता. आता बीपीचा वेगळा, साखरेचा वेगळा, पडण्याच्या धोक्याचा वेगळा, लघवी किती झाली तो वेगळा, आणि इन्स्पेक्शन आलं की पहिली फाइल बघतात, पेशंटची पाठ उलटून कुणी बघत नाही. मुली काय शिकणार मग, फाइल भरली की ड्युटी झाली.

तिसऱ्या_वर्षाचा: मॅडम, फाइलीला नावं ठेवू नका. आमच्याकडे संध्याकाळच्या सिस्टरने इन्सुलिन दिलं, घाईत लिहायचं राहिलं. रात्रीच्या सिस्टरने चार्ट कोरा बघून परत दिलं. पहाटे साखर 31. घामाने चिंब, बेशुद्ध. ग्लुकोज ढकलत होतो आणि हात थरथरत होते माझे. एक सही नव्हती म्हणून माणूस जात होता.

माजी_मेट्रन: डॉक्टर, मी औषधाच्या सहीबद्दल बोलतच नाहीये! ती हवीच, दिल्यादिल्या हवी. कुणाच्या उपयोगाचं लिहिणं आणि कुणाला दाखवायचं लिहिणं यात फरक आहे की नाही? एकच वजन तीन कागदांवर लिहायला लावता आणि मग म्हणता नर्स दिसत नाही.

तिसऱ्या_वर्षाचा: मग कमी कुठला करायचा ते सांगा. कुठलाही कागद काढा, उद्या त्याच गोष्टीवरून कोर्टात केस उभी राहते. कोर्ट विचारतं, लिहिलंय कुठे?

माजी_मेट्रन: याच भीतीने सगळं बिघडलंय. वजन एकदाच लिहा, सगळ्यांनी तिथूनच बघा. हँडओव्हर टेबलापाशी बसून न करता कॉटपाशी उभं राहून करा, चादर उचला, पाठ बघा, येणारी आणि जाणारी दोघींनी. माझ्या वॉर्डला मी हे करून घेत होते, मुली कुरकुरायच्या, वेळ जातो म्हणायच्या. पण लाल झालेली पाठ त्याच दिवशी सापडायची, जखम व्हायच्या आधी.

रातपाळी: मॅडम, तुमच्या वेळी रात्री किती जणी होत्या?

माजी_मेट्रन: 30 पेशंटना तिघी, वर एक आया. मान्य. दोघींना हे कठीण आहे. अशक्य म्हणणार नाही मी.

रातपाळी: कठीण नाही मॅडम, होत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2004 पासून कायदा लागू आहे, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डला आता एका नर्समागे जास्तीत जास्त 5 पेशंट, आयसीयूत 2. मला 5 द्या, मी दर दोन तासांनी पाठ बघेन, पावडर लावेन, शेजारी बसून बोलेनसुद्धा, मला ते आवडतं म्हणून तर आले या कामात.

माजी_मेट्रन: पावडर लावू नका. घामाने गोळा होते आणि कातडी आणखी घासते.

बाबांचा_मुलगा: तुम्हा सगळ्यांचं चालू द्या. माणसं कमी आहेत हे मी मान्य करतो, पगाराचं लिहिलं ते काढून टाकतो पोस्टमधून, ते चुकलं. पण मी विचारलं काय आणि चर्चा गेली कुठे. कूस बदलायला माणूस नव्हतं, तर तसं लिहायचं ना. "बदलता आली नाही" एवढं लिहिलं असतं तर सकाळी कुणीतरी पाठ बघितली असती. मी खुर्चीवर बसलोच होतो, मला सांगितलं असतं तर मीच धरून वळवलं असतं बाबांना, फक्त कसं ते दाखवायचं होतं. कोरी जागा बघून मला तरी कळलं असतं. टिक बघून सगळे निर्धास्त झाले.

रातपाळी: "बदलता आली नाही" लिहिलं की सकाळी मेमो त्या सिस्टरलाच मिळतो. का नाही केलं याचं उत्तर तिनेच द्यायचं, दोघीच का होत्या हे कुणी विचारत नाही.

बाबांचा_मुलगा: असेल. पण ती टिक खोटी होती. तुम्ही एवढं लिहिलंत, हे एक वाक्य कुठेच नाही तुमच्याकडून.

रातपाळी: खोटी होती. आणि मीही मारल्यात तशा, दोनदा.